युसू न्दूर लाइव्ह ऐका, नुसत्या रेकॉर्डवर थांबू नका

गेले तीन आठवडे रात्री जेवणं आटोपली की मी युट्यूबवर सेनेगलचा गायक युसू न्दूर याचे जुने कार्यक्रम लावून बसतोय आणि आज लिहिल्याशिवाय राहवतच नाहीये. आपल्याकडे ज्यांना तो माहितीये त्यांना बहुतेक १९९४ च्या 'सेव्हन सेकंड्स'मुळे, गायिका नेने चेरीसोबतचं ते गाणं. गाणं सुंदरच आहे, आणि त्यातही पहिलं कडवं तो बिनधास्त वोलोफमध्ये, म्हणजे सेनेगलच्या आपल्या भाषेत म्हणतो. पण तेवढ्यावर त्याला ओळखणं म्हणजे अभंगाची एक ओळ ऐकून वारी कळली म्हणण्यासारखं आहे हो!

हा माणूस १९५९ साली सेनेगलची राजधानी डाकारच्या मेदिना वस्तीत जन्मला, आई ग्रियो घराण्यातली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी आणि स्तुती गाणारी मंडळी, आपल्या भाटांसारखी म्हणा हवं तर. वडील मेकॅनिक, त्यांना पोरानं गाणं नकोच होतं. पोरगा शाळकरी वयातच क्लबात गायला लागला, आणि पुढे 'सुपर एत्वाल द डाकार' हा बँड घेऊन त्यानं म्बालाख नावाचं संगीत जगभर नेलं. क्युबन पद्धतीची गाणी डाकारात आधीपासून चालायचीच, त्यात साबार ढोल आणि वोलोफ भाषा आणून यांनी ती आपलीशी केली. साबार एका हातानं आणि एका काठीनं वाजवतात, ताल इतका तिरका की पहिल्यांदा ऐकताना सम कुठेय तेच कळत नाही, मी तर कितीतरी वेळ चुकीच्या जागी मान हलवत होतो.

आणि तो तामा! डमरूसारखा मधे बारीक, काखेत धरायचा, दोऱ्या दंडानं दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो, वाकड्या काठीनं वाजवतात. आसान थियाम तो वाजवायला पुढे येतो, युसू एक ओळ वर फेकतो, तामा तिला अगदी बोलल्यासारखं उत्तर देतो, मग युसू गायचा थांबून नुसता ऐकत उभा राहतो, चेहऱ्यावर हसू. तेवढ्यात प्रेक्षकांतनं एक बाई स्टेजवर चढते, साडीसारखा घोळदार पोशाख सावरत उडी मारते, आणि ढोलवाला तिच्या पायाकडे बघून वाजवायला लागतो. म्हणजे ताल ती देतेय, तो नाही!! हे स्टुडिओत कसं होणार सांगा. परदेशासाठीच्या रेकॉर्ड गुळगुळीत करून निघायच्या, डाकारच्या बाजारात मात्र वेगळ्या कॅसेट यायच्या, आणि खरा जीव त्यांच्यात आणि मध्यरात्रीनंतर सुरू होणाऱ्या त्या मैफलींमध्ये आहे असं माझं ठाम मत झालंय.

१९८८ मध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या दौऱ्यात स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन यांच्यासोबत हा दिल्लीतही गाऊन गेलाय. त्या गर्दीतलं कोणी इथे असेल तर प्लीज लिहा, मनापासून ऐकायचंय.

२००४ चा 'इजिप्त' अल्बम मात्र अपवाद, तो रेकॉर्डवरच ऐका. कैरोच्या वाद्यवृंदासोबत सेनेगलच्या सूफी संतांची गाणी, सुरुवातीला त्याच्या देशातल्याच लोकांनी नाराजी दाखवली, नंतर ग्रॅमी मिळालं.

'सेट'पासून सुरुवात करा. वोलोफमध्ये सेट म्हणजे स्वच्छ. १९९० च्या आसपास डाकारची पोरं आपापल्या गल्ल्या झाडत होती, भिंती रंगवत होती, तेव्हाचं गाणं आहे ते. लाइव्ह शोधा, आणि मोबाईलवर नको, घरातल्या मोठ्या स्पीकरवर लावा, शेजारी आले तर त्यांनाही बसवा.