खापरपणजोबांनी भाकरीसाठी देव बदलला का?

नगरच्या (कागदोपत्री अहिल्यानगर, आमच्या घरात अजून नगरच) नातलगांत सध्या धर्मांतरविरोधी कायद्याखेरीज दुसरा विषय नाही. त्याबरोबर जुना टोमणाही परतला आहे: तुमच्या खापरपणजोबांनी भाकरीसाठी देव बदलला. घरचे उत्तर ठरलेले. छे, ते मनापासून ख्रिस्ती झाले! इथे इंग्लंडात, बेडफर्डमध्ये राहून मला हे उत्तर पटेनासे झाले आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी नगर भागात मदतकार्य केले आणि त्यानंतर बाप्तिस्मे वाढले, हे लपवण्यासारखे नाही. उपाशी माणसाच्या मनात भाकर किती आणि ख्रिस्त किती, हे आज कोण मोजणार? आणि मोजायचे तरी कशाला?

इथे कोणी मोजत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, पहिल्यांदाच निम्म्याहून कमी. मी रविवारी उपासनेला गेलो काय, न गेलो काय, शेजाऱ्याला सोयरसुतक नाही. पण बाहेरचा फिर्यादी गप्प बसला की आतला उभा राहतो. म्हाताऱ्या आईला तिकडे ठेवून पौंड कमावतोस, प्रार्थना सवयीने पुटपुटतोस, तू कसला विश्वासणारा?

सतराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक आणि लेखक जॉन बनियन याच परिसरातला. त्याचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ हे पुस्तक हरी केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणले. आत्मवृत्तात बनियन सांगतो, ‘ख्रिस्ताला विकून टाक’ हा विचार वर्षभर त्याच्या डोक्यात घुमत होता. एकदा थकून तो मनात म्हणाला, जायचा तर जाऊ दे त्याला. मग आपण बायबलमधल्या, एका जेवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकणाऱ्या एसावासारखा वारसा विकला, या धास्तीने तो दीर्घकाळ पोळला. पुढे एकदा शेतातून जाताना त्याला उमगले की आपले नीतिमत्त्व स्वर्गात आहे, ख्रिस्तच ते आहे. आपले मन बरे असले म्हणून ते वाढत नाही, वाईट असले म्हणून घटत नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, हे आठ वर्षांनी कळले, असे त्यांनीच लिहून ठेवले. सुरुवात अपुरी होती हे सांगायला त्या कचरल्या नाहीत. मग आपणच का कचरतो?

बायबलच्या जुन्या करारातल्या जखऱ्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मुख्य याजक यहोशवा मळकट वस्त्रांत उभा आहे, उजव्या हाताला सैतान दोष द्यायला. वस्त्रे खरोखरच मळलेली आहेत. यहोशवा एक शब्द बोलत नाही. सैतानाला धमकावतो तो परमेश्वर, आणि वस्त्रे बदलायला लावतो तोही तोच.

सरकारपुढे मात्र गप्प बसू नये. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत; शीख १९५६ मध्ये आत आले, बौद्ध १९९० मध्ये. तिथे वकील हवेत, मोर्चे हवेत. आणि कोणाचे खरेच लुबाडले असेल तर शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयासारखे चौपट परत करावे; नुसते रडून भागत नाही.

टोमणे मारणाऱ्यांपेक्षा मला राग येतो तो आपल्याच काही प्रचारकांचा. आजार हटला नाही की ते खाटेवरच्या माणसाला ऐकवतात, तुझा विश्वास कमी पडला. यहोशवाच्या उजव्या हाताला उभे राहायला त्यांना कोणी सांगितले?