नर-मादी आणि टर्नर्स फॉल्स

वरचं बोरी धरण सांडलं की नळदुर्ग किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होतात, आणि त्याच दिवशी आमच्या भावंडांच्या ग्रुपवरचं दरवर्षीचं भांडणही. धाकट्याला हॉटेलं, बोटी, दिव्यांची रोषणाई हवी. तुळजापूरला दुकान चालवणारा दादा म्हणतो, दोन-तीन महिने पडणाऱ्या पाण्यावर कुणाचं घर चाललंय? कारखाने आणा. यंदा दोघांनी मलाच ओढलं : "तू धबधब्याच्या गावाजवळच राहतोस ना, तू सांग."

राहतो खरा. मॅसॅच्युसेट्समधलं टर्नर्स फॉल्स हे दादाच्या मनातलं गाव आहे, फक्त दीडशे वर्षं पुढे गेलेलं. 1860 च्या दशकात अल्वा क्रॉकर नावाच्या उद्योजकानं कनेक्टिकट नदीची ही उडी हेरली. नदीवर बांध घातला, पाणी कालव्यात वळवलं, कालवा आणि नदी यांच्या मधल्या पट्टीत गिरण्या उभ्या केल्या. कालव्याचं पाणी गिरणीची चक्रं फिरवून पलीकडे नदीत पडायचं. कागद, कापूस, चाकू-सुऱ्या. गावाचे रस्तेसुद्धा आखून पाडलेले. पुढे वीज तारेवरून कुठंही जाऊ लागली आणि गिरणीला धबधब्याला चिकटून राहायचं कारणच संपलं. त्यातली स्ट्रॅथमोर ही कागदाची मोठी गिरणी 1994 ला बंद झाली, 2007 ला तिच्या इमारतीला आग लागली. काचा फुटलेल्या त्या विटांच्या भिंती बघताना मला नांदेडची उस्मानशाही मिल आठवते.

गावाचं नावही काही अभिमानाचं नाही. 1676 मध्ये कॅप्टन टर्नरच्या तुकडीनं इथं मासेमारीसाठी जमलेल्या मूळ रहिवाशांची पहाटे कत्तल केली. मारले गेले त्यांत बायका, पोरं, म्हातारे पुष्कळ. म्हणजे गिरण्यांच्या कितीतरी आधी हा धबधबा माणसं पोसत होता. (आपल्या नळदुर्गचा पाणीमहाल तेव्हा साठी ओलांडून गेला होता. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहानं तो 1613 मध्ये बांधला. बांधाच्या पोटात बसून डोक्यावरून पाणी कोसळताना बघायची ती करामत इथल्या इंजिनियर मित्रांना अजून पटत नाही.)

मग इथून घ्यायचं काय? कारखाना नाही, रोषणाईही नाही. मला हेवा वाटतो तो परवान्याचा. आता या पाण्यावर वीज बनवणाऱ्या कंपनीला इथं नदी कायमची मिळत नाही. साधारण 30 ते 50 वर्षांचा परवाना मिळतो. तो संपला की मासेमार, होडीवाले, मूळ जमाती, खालच्या गावचे लोक, सगळे बोलायला उठतात. इथला परवाना 2018 ला संपला. वाद एकाच गोष्टीचा : कालव्यात किती पाणी न्यायचं आणि मूळ पात्रात किती सोडायचं. कारण एरवी बांधाखालचे खडक उघडे पडतात. अतिशय कंटाळवाणं प्रकरण आहे, वर्षानुवर्षं चालतं. पण आकडे टेबलावर असतात आणि कुणालाही वाचता येतात.

म्हणून मी ग्रुपवर उलट विचारलं : बोरी धरणातलं किती पाणी गावाला, किती शेतीला, आणि हे ठरवतं कोण? एकानं लिहिलं, आमदारांच्या माणसाला विचारून सांगतो. दादानं निळी टिक दिली, उत्तर नाही. धाकट्यानं मात्र मादीसमोरची नवी रील टाकली.