फ्रॅटन पार्कची उधारी

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने इंग्लिश फुटबॉल बघितलेलं नव्हतं. तिथे पैशाचं सोंग दोन-दोन मोसम बेमालूम वठतं. त्या सोंगावर एफए कपसुद्धा, म्हणजे तिथली बाद फेरीची मोठी स्पर्धा, जिंकता येते. पोर्ट्समथ नावाच्या क्लबने २००८ साली जिंकली.

हे आत्ता आठवायचं कारण शेफील्ड वेन्सडे. २०२५च्या ऑक्टोबरात तो इंग्लिश क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला (देणी फेडता येईनाशी झाली की क्लब चालवायला नेमतात तो), शिक्षा म्हणून लीगमधले १२ गुण कापले गेले, आणि आमच्या मॅच बघणाऱ्या ग्रुपवर लगेच एकच चर्चा: आता विकत कोण घेणार? अमेरिकन येणार की अरब? त्याच्याकडे आहेत किती? खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार आधीपासून रखडत होते, त्यावर दोन ओळी. येऊ घातलेल्या मालकाच्या संपत्तीवर दोनशे. मी गप्प बसलो, कारण हे सगळं मी २००९ साली करून बसलोय. तेही याहून जास्त उत्साहाने.

मी पॉम्पीचा चाहता झालो तो नायजेरियाच्या कानूमुळे. (पोर्ट्समथला सगळे पॉम्पीच म्हणतात.) १७ मे २००८, वेम्बली, समोर कार्डिफ, कानूचा एकुलता एक गोल आणि कप. त्याच वर्षी नोव्हेंबरात यूएफा कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, साक्षात एसी मिलान फ्रॅटन पार्कवर आला आणि आम्ही २-० पुढे होतो! शेवटी रोनाल्डिन्हो आणि इन्झागीने बरोबरी साधली ती गोष्ट वेगळी. फ्रॅटन पार्क म्हणजे १८९९पासूनचं जुनं मैदान, वीसेक हजार माणसांचं, चहूबाजूंनी दाटीवाटीची घरं. गिल्डहॉलच्या घड्याळाच्या ठोक्यांच्या चालीवर सगळं मैदान ‘प्ले अप पॉम्पी’ म्हणतं आणि मध्येच कोणीतरी घंटा बडवत असतं. टीव्हीवरसुद्धा ती घंटा ऐकू यायची.

आता साधा हिशोब करा. वीस हजारांचं मैदान आणि पगार मात्र मोठ्या क्लबांच्या तोडीचे. फरक कोण भरणार? मालक. अलेक्झांडर गायदामाकने भरला तोवर भरला, मग हात आखडता घेतला. २००९च्या उन्हाळ्यात ग्लेन जॉन्सन, पीटर क्राउच, डिस्टिन, क्रॅनचार असे एकामागून एक विकले गेले. घरातली भांडी विकून वाण्याचं बिल भागवण्याचा प्रकार. आणि तेवढ्यात आला तारणहार.

सुलेमान अल फहीम. आदल्याच वर्षी अबू धाबीवाल्यांनी मँचेस्टर सिटी घेतली, तेव्हा कॅमेऱ्यासमोर हाच माणूस होता. त्यामुळे आम्ही काय समजायचं ते समजलो. ऑगस्टच्या शेवटी त्याने क्लब घेतला आणि मी रात्री दोनपर्यंत जागून कोणकोण खेळाडू आणायचे त्याची यादी करत होतो. एक्सेलमध्ये, हो. सहा आठवडेही झाले नाहीत तर त्याने ९० टक्के हिस्सा अली अल फराज नावाच्या गृहस्थांना विकून टाकला. हे गृहस्थ फ्रॅटन पार्कवर कधी दिसलेच नाहीत. फोटो तेवढा पाहिला आम्ही. मग फेब्रुवारी २०१०मध्ये क्लब गेला बलराम चैनरायकडे, कारण त्याने दिलेलं कर्ज फिटत नव्हतं. म्हणजे ताबा सावकाराकडे. एका मोसमात चार मालक! पॉल हार्टला काढून अव्रम ग्रँटला आणलं, प्रशिक्षक दोनच झाले. मालक प्रशिक्षकांपेक्षा वेगाने बदलणारा क्लब मी दुसरा पाहिलेला नाही.

मैदानावर पहिले सातही लीग सामने हरलो. पगार एकदा उशिरा, दोनदा उशिरा, मग उशिराच. जानेवारीत बिल थकलं म्हणून क्लबची वेबसाइटच बंद पडली. त्या दिवशी मी पान उघडायला गेलो, उघडेना, म्हटलं आपलंच नेट गेलंय. राउटर बंद-चालू केला दोनदा. करखात्याने क्लब गुंडाळण्यासाठी कोर्टात अर्ज केलेलाच होता. २६ फेब्रुवारी २०१०ला क्लब प्रशासकाच्या हवाली. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, असताना अशी वेळ आलेला हा पहिला क्लब. दुसऱ्याच दिवशी बर्नलीत जाऊन २-१ जिंकले, ते का आणि कसं हे खेळाडूंनाच ठाऊक. मार्चमध्ये ९ गुण कापले. त्याच महिन्यात ८५ लोकांना घरी पाठवलं. ऑफिसात बसणारे, साधी नोकरी करणारे लोक. एकाही स्ट्रायकरचं नाव त्यात असणं शक्य नव्हतं.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला बोलायचंय ते पुढच्या एका कागदाबद्दल.

प्रशासकाने एप्रिलमध्ये थकबाकीचा अहवाल काढला. एकूण आकडा ११ कोटी ९० लाख पौंडांच्या घरातला. पेपरांनी तोच मथळ्यात छापला, आणि मोठ्या आकड्याचं असं असतं की तो वाचून काहीच होत नाही. पण त्यात कोणाचं किती येणं आहे याची यादी होती, आणि ती मी ओळ न् ओळ वाचली. माजी मालक, करखातं, इतर क्लब, एजंट... आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स. साधारण २,७०० पौंड.

सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे मॅचला मैदानाच्या कडेला प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसणारे स्वयंसेवक. गर्दीत कोणाला चक्कर आली, कोणाच्या छातीत कळ आली, तर धावत जाणारे. धर्मादाय संस्था आहे ती. ज्या क्लबात एकेका खेळाडूचा आठवड्याचा पगार हजारो पौंडांत मोजला जायचा, त्याने यांचे २,७०० पौंड थकवले होते.

ही यादी मी इतकी मन लावून का वाचली, तर अशाच एका यादीत एकदा माझंही नाव होतं. एका कंपनीचं डिझाइनचं काम करत होतो, तीन बिलं थकली, अकाउंटवाला दर वेळी ‘साहेबांची सही राहिलीय’ म्हणायचा. मग एक दिवस पाकीट आलं. आत चोवीस पानं. पहिल्या पानावर बँका, शेवटून दुसऱ्या पानावर मी, माझ्यावर चहावाला आणि माझ्याखाली झेरॉक्सवाला. नवीन भागीदार येणार, नवीन पैसा येणार, असं तोवर सगळे सांगत होते. भागीदार आलाही. त्याने कंपनीचं नाव घेतलं, जागा घेतली. आमची चोवीस पानं नाही घेतली.

फुटबॉलमध्ये तर ही रांग नियमानेच ठरलेली आहे. क्लब बुडाला आणि त्याला लीगमध्ये राहायचं असेल, तर आधी फुटबॉलवाल्यांचे पैसे पूर्ण चुकते करायचे: इतर क्लबांचे ट्रान्सफरचे हप्ते, खेळाडूंचे पगार. बाकी सगळ्यांनी उरलंसुरलं वाटून घ्यायचं. पॉम्पीच्या तडजोडीत या बाकीच्यांना पौंडामागे २० पेन्स द्यायचं ठरलं, तेही पाच वर्षांत. करखातं याविरुद्ध कोर्टात गेलं आणि हरलं. पुढे या नियमालाच त्यांनी वेगळं आव्हान दिलं, २०१२मध्ये तेही हरले. तेव्हा २,७०० पौंडांचे झाले ५४०. आणि ज्या खेळाडूला आठवड्याला त्याच्या कितीतरी पट मिळतात, त्याला शेवटच्या पेनीपर्यंत पूर्ण.

या नियमाची बाजू मला कळते, कळत नाही असं नाही. एका क्लबने हप्ता बुडवला तर पुढचा क्लब बुडेल, त्याच्या पुढचा बुडेल, पत्त्यांचा बंगला. मोसमाच्या मध्यात एक संघ नाहीसा झाला तर गुणतालिकेचं काय करायचं? ठीक. पण मग उधारीवर खेळाडू विकणाऱ्याला डोळे उघडे ठेवायची गरजच काय? पॉम्पीला हप्त्याने खेळाडू विकणाऱ्या क्लबला माहीत होतं की काहीही झालं तरी आपले पैसे सुटणार. त्याने कशाला विचारावं की बाबा, तुझ्याकडे आहेत का? धोका सगळा फुलवाल्याने, छपाईवाल्याने आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने घ्यायचा, आणि त्यांना तर कोणी सांगितलंही नव्हतं की आपण धोका घेतोय. स्पर्धा टिकते ती त्यांच्या खर्चाने. मला हा नियम तेव्हाही चीड आणणारा वाटला, आजही वाटतो.

आता माझी लबाडी सांगतो. हा सगळा संताप मला कधी आला? मे संपल्यावर. एप्रिलमध्ये मी नाचत होतो.

१० एप्रिलला आम्ही प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत गेल्यावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं. ११ तारखेला वेम्बलीवर कपची उपांत्य फेरी, समोर टॉटनहॅम. त्यांच्या बाकावर हॅरी रेडनॅप, ज्याने आम्हाला २००८चा कप मिळवून दिला तोच. त्यांच्या ताफ्यात क्राउच, डिफो, क्रॅनचार, म्हणजे आमच्याच घरातली विकलेली भांडी. ९० मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळेत, ९९व्या मिनिटाला, चेंडू येतोय आणि त्यांचा मायकल डॉसन पाय रोवायला जातो तर त्याच्या पायाखालचं गवतच सरकतं. नुकतीच बसवलेली हिरवळ होती ती. डॉसन बसकण मारतो, चेंडू आमच्या पिकियॉनसमोर, गोल. मग क्राउचने चेंडू जाळ्यात घातला, पण पंचांनी गोल नाकारला. शेवटी आमच्या बोआटेंगची पेनल्टी. २-०. खाली गेलेला, बुडालेला, पगार न झालेला संघ फायनलला. मी सोफ्यावर उभा होतो आणि घरचे दारात उभे राहून बघत होते, सामना नव्हे, मला.

फायनलला चेल्सीने पाच वेळा चेंडू गोलपोस्टला मारला. शून्य-शून्य असताना आम्हाला पेनल्टी मिळाली, बोआटेंगने मारली, त्यांचा गोलकीपर पीटर चेकने पायाने अडवली. पाचेक मिनिटांत द्रोग्बाची फ्री किक, संपलं. १-०. युरोपात खेळायचा प्रश्नच नव्हता, युरोपात खेळायचं लायसन्स मिळण्यासारखे कागदच क्लबकडे नव्हते. तरी शिट्टी वाजल्यावर पॉम्पीचे लोक गात होते, आणि मीही त्यात विरघळलो. सेंट जॉनवाले त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हते. मालकांना नेमकं हेच पुरतं. आपण गात असलो की कोणी हिशोब विचारत नाही.

पुढचं थोडक्यात. चैनरायनंतर व्लादिमिर अँटोनोव आला, पुन्हा ‘आता दिवस पालटणार’. नोव्हेंबर २०११मध्ये लिथुआनियात त्याची बँक सरकारने ताब्यात घेतली, त्याच्यावर वॉरंट निघालं, आणि फेब्रुवारी २०१२मध्ये पॉम्पी दोन वर्षांत दुसऱ्यांदा प्रशासकाकडे. आणखी दहा गुण गेले. २० पेन्सचं वचन अर्थातच पुरतं पाळलं गेलं नाही. प्रीमियर लीगमधून २०१३पर्यंत थेट चौथ्या पायरीवर. तेव्हा कुठे चाहत्यांनी ट्रस्ट काढून, एकेकाने हजार पौंडांचा शेअर घेऊन, क्लब विकत घेतला. दोन हजारांहून जास्त लोकांनी पैसे घातले. स्वतःच्याच मैदानासाठी चैनरायच्या कंपनीला तीस लाख पौंड मोजावे लागले. पण जुनी देणी फेडायला त्यांना दीड वर्षसुद्धा लागलं नाही. एकाही शेखला जमलं नव्हतं ते. २०१७मध्ये चौथ्या श्रेणीचं विजेतेपदही आणलं.

आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी क्लब मायकल आयसनरला विकला. डिस्नेचा माजी बॉस. मतदान झालं, ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक विकायच्या बाजूने. तेव्हा मला फार राग आला होता. एवढं भोगून पुन्हा श्रीमंत माणूस? आयसनरने आजवर क्लब बुडवलेला नाही हे मान्य, २०२४मध्ये आम्ही पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, आलो हेही मान्य. माझ्याकडे शेअर नव्हता, त्यामुळे मतही नव्हतं, आणि त्याचं मला आता बरंच वाटतं. कारण मत असतं तर मी कागदावर ‘नाही’ लिहिलं असतं, बाहेर आलो असतो, आणि मनातल्या मनात निकाल ‘हो’ लागावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो असतो. ती एक्सेलची फाइल अजून माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहे.