“पाटील आजी ना तुम्ही?” असं विचारणं बंद करा

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात सकाळी ‘रुग्णाची ओळख’ या विषयावर ट्रेनिंग झालं. तासभर स्लाईड, हजेरीपत्रकावर सह्या, चहा-बिस्किटं. दुपारी वॉर्डात सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली. “पाटील आजी ना तुम्ही?” आजींना ऐकू कमी येतं, त्या कशालाही मान हलवतात. मनगटावरचा पट्टा बघितलाच नाही. सांगली जिल्ह्यात एका वॉर्डात दोन पाटील आजी निघायला कितीसा वेळ लागतो?

“तुमचं पूर्ण नाव सांगा” असंच विचारायचं. रुग्णाने नाव सांगायचं, मग पट्ट्यावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हातातल्या कागदाशी ताडायचा. बोलता येत नसेल तर नातेवाइकाला विचारायचं, पट्टा तरीही बघायचाच. औषध, रक्त काढणं, एक्स-रे, ऑपरेशनला नेणं, डायबेटिसवाल्याचं ताटसुद्धा, प्रत्येकाआधी हेच. बेड नंबर ही ओळख नव्हेच, पेशंट या बेडवरून त्या बेडवर हलत असतात. आणि स्लाईडवर ‘नाव व जन्मतारीख’ लिहिणाऱ्यांनो, आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला १ जून लावलाय. नोंदणी क्रमांकच धरा.

खरा घात बल्बमध्ये, म्हणजे रक्ताचा नमुना घ्यायच्या नळीत, होतो. वॉर्डातल्या नर्सिंग स्टेशनवर बसून आधीच लेबलं चिकटवायची आणि ट्रे घेऊन फिरायचं, ही सवय मोडा. रक्त काढलं की तिथेच, बेडपाशी, लेबल लावा. क्रॉसमॅचला (रक्त जुळतं का ते तपासायला) भलत्याच माणसाचं रक्त गेलं तर रक्तपेढीने कितीही काटेकोर तपासलं तरी पिशवी चुकीचीच येणार, आणि चुकीच्या गटाचं थोडंसं रक्तही जिवावर बेततं. पिशवीवरचा नंबर, गट, नाव दोघांनी बेडपाशीच ताडायचं. रक्त चढवायला लागल्यावर पहिली १५ मिनिटं तिथून हलायचं नाही.

सिस्टर कमी आहेत, एकीच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. मान्य. पण पट्टा बघायला अर्धं मिनिट पुरतं.

त्या पोरीवर माझा राग नाही. तिला हे कुणी हाताला धरून शिकवलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेच्या नऊ उपायांत ओळख पटवणं घातलं, आणि आपण अजून प्रोजेक्टर लावतोय! वॉर्डात शिकवा. दोन बेडवर एकाच आडनावाचे खोटे पेशंट झोपवा, एकाचा पट्टा मुद्दाम चुकीचा बांधा आणि औषध द्यायला सांगा. कोण थांबतं ते बघा. जी थांबेल तिचं सगळ्यांसमोर कौतुक करा, मग भले औषधाला उशीर होवो. मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय-आयांना) घ्या, ऑपरेशनला स्ट्रेचर तेच ढकलतात. सलाईनसाठी पट्टा कापला तर कापणाऱ्यानेच लगेच नवा बांधायचा. कॉटच्या दांडीला अडकवलेला पट्टा काय कामाचा?

अथणी-चिकोडीकडून येणाऱ्या कन्नड पेशंटसाठी एवढं एक वाक्य पाठ करून घ्या: “निम्म पूर्ण हेसरू हेळी”, म्हणजे तुमचं पूर्ण नाव सांगा. मराठी प्रश्नाला ते नुसतं “हूं” म्हणतात आणि आपण सुई टोचून मोकळे होतो.