पंख्याचा कंडेन्सर

केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. गेल्या रविवारी तोच आवाज आमच्या सोप्यावर चार हातांवरसुद्धा धड पोचेना. कारण आमचे शेजारी, भाई.

भाई निवृत्त वायरमन. मी आखातातून कधीकाळी आलेली जपानी स्पीकरची जोडी उघडून बसलो होतो. अशा जुन्या पेट्यांत पहिला दगा देतो तो क्रॉसओव्हरमधला (म्हणजे उंच आणि खालचे सूर वेगळे करून वाटून देणारं सर्किट), ट्वीटरच्या, म्हणजे उंच सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या वाटेवरचा कंडेन्सर. नॉन-पोलर (अधिक-उणे टोकांचा भेद नसलेला) इलेक्ट्रोलिटिक, अंगावर ४.७ मायक्रोफॅरड (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप), ५० व्होल्ट. वर्षानुवर्षे आतला ओलावा वाळतो, अंतर्गत रोध वाढतो आणि ट्वीटर तोंडाला पदर लावून गाऊ लागतो. त्याच्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्ट किंवा त्याहून वरचा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घालायचा. काम सोपं, वस्तू मिळणं कठीण. म्हापसा घ्या नाहीतर मडगाव, काउंटरवरचा मुलगा आधी तुमच्याकडे बघतो, मग मोबाइलचा चार्जर पुढे करतो. "हे जुनं कशाला दुरुस्त करता, ब्लूटूथवाला घ्या ना," हा सल्ला मात्र फुकट. बाहेरून मागवावा तर मालापेक्षा कुरियर महाग. दुरुस्ती करणाऱ्याला सगळे वेड्यात काढतात आणि नवं घेऊन वर्षात भंगारात टाकणारा शहाणा ठरतो, याचा मला खरोखर संताप येतो. असो.

"काय जळलं?" भाईंनी पायरीवरूनच विचारलं.

"जळलं नाही, भाई. कंडेन्सर बदलतोय."

"मग एवढं तोंड पाडून कशाला बसलास? पंख्याचा घाल."

मी हसलो. भाई हसले नाहीत.

"किती पाहिजे?"

"चार पॉइंट सात."

"अडीचचा एक, सव्वादोनचा एक. समांतर जोडायचे. झाले पावणेपाच. तुझ्या त्या गाणाऱ्या बाईंना तेवढा फरक कळणार आहे?"

माझं दुखणं इथेच आहे. हे बरोबर आहे. पंख्याचा कंडेन्सर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचाच असतो, नॉन-पोलर असतो, ४४० व्होल्ट एसीचा असतो. ४.७ आणि ४.७५ यांत जेमतेम एक टक्क्याचा फरक. जुन्या इलेक्ट्रोलिटिकला वीस-वीस टक्के इकडेतिकडे चालायचं. अडचण फक्त आकाराची. सर्किटच्या पट्टीवर तो मावत नाही, पेटीच्या तळाला पट्ट्याने आवळून, सिलिकॉन लावून बसवावा लागतो, नाहीतर बासबरोबर तोही ताल धरतो. माणूस चुकत असता तर चहा पाजून वाटेला लावता आला असता. बरोबर असलेल्या शेजाऱ्याचं काय करायचं?

पण भाई नुसते बोलून थांबणारे नव्हेत. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दोन कंडेन्सर काढले. कुणाच्या तरी पंख्यातून उतरवलेले. मीटरला लावले तर अडीचचा भरला १.७ आणि सव्वादोनचा १.६. होणारच, फिल्मवरचा धातूचा थर झिजत जातो, मायक्रोफॅरड उतरतात, म्हणून तर पंखा मंदावतो आणि वायरमनला बोलावणं येतं. नुसत्या कंडेन्सरच्या हिशेबाने ८ ओमच्या ट्वीटरला ४.७ म्हणजे तो सुमारे ४,२०० हर्ट्झपासून वर गाणार, ३.३ वर आला की तीच रेघ सरकते ६,००० वर, आणि मधल्या पट्टीत खड्डा पडतो.

"तुझा मीटर बिघडलाय," भाई म्हणाले.

मी जुना सांधा सोडवत होतो. त्यावर आधी थोडं नवं ६०/४० सोल्डर द्यावं, मग पंपाने ओढावं. कोरड्या सांध्यावर सोल्डरिंग आयर्न दाबून बसलात तर तांब्याची पट्टीच उचकटून हातात येते. तेवढ्यात चहा उतू गेला म्हणून मी आत गेलो. बाहेर येतो तर भाई पक्कड हातात घेऊन प्रसन्न चेहऱ्याने उभे.

"कुणीतरी गाढवाने ट्वीटरची वायर उलटी जोडली होती. सरळ केली."

ती उलटी नव्हती. कंडेन्सर आणि कॉइल असा १२ डेसिबलचा क्रॉसओव्हर असला की वूफर (खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर) आणि ट्वीटर यांच्या लाटांत १८० अंशांचा फरक पडतो. म्हणून कारखान्यातच ट्वीटर बहुधा उलटा जोडतात. तो "सरळ" केला की जिथे दोघांनी मिळून गायचं, तिथेच दोघे एकमेकांना खोडतात. म्हणूनच वायर सोडवण्यापूर्वी फोटो काढायचा, आणि शेजाऱ्याला पक्कड द्यायची नाही.

लावून पाहिलं. बाई घागरीच्या तळातून गाऊ लागल्या.

"आता कसा मोकळा आवाज!" भाई म्हणाले.

शेवटी दुकानातून नवे पंख्याचेच आणले. दोन्ही पेट्यांत एकदम बदलले, कारण एकीतच बदलला तर गाणारा एका बाजूला कलतो. कॉइलना हात लावला नाही. फिल्मचा रोध इलेक्ट्रोलिटिकपेक्षा कमी, त्यामुळे ट्वीटर टोचू लागतो, ०.३३ ओम, ५ वॅटचा रेझिस्टर कंडेन्सरच्या ओळीत घातला तेव्हा 'स' आणि 'श' सुसह्य झाले.

आता भाई देवळात सांगत सुटलेत की चवथीपूर्वी भजनाचे भोंगेही 'आम्ही' करून देऊ. त्या भोंग्यांत क्रॉसओव्हर नसतो, १०० व्होल्टचा लाइन ट्रान्सफॉर्मर असतो. हे सांगितलं तर म्हणाले, "असू दे की. कंडेन्सर मी आणतो, तू फक्त शिडी धर."