मंडेलांच्या टेबलावरचा तो जेलर

आबांनी काल रात्री घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि नववीतली माझी भाची आता तो परिपाठात बोधकथा म्हणून वाचणार आहे. तुम्हालाही आला असेलच. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला हॉटेलात जातात, एकट्या बसलेल्या माणसाला आपल्या टेबलावर बोलावतात, तो थरथरत जेवतो आणि निघून जातो. मग मंडेला सांगतात, हा माझा जेलर. मी पाणी मागितलं की माझ्या डोक्यावर लघवी करायचा. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘क्षमा करायला शिका’.

हॉटेल कुठलं, जेलर कोण, साल कोणतं, कशाचा पत्ता नाही. मंडेलांचं आत्मचरित्र 1994 साली आलं. हॉटेलचा प्रसंग त्यानंतरचा असेल, चला धरू. पण तुरुंगातले बारीकसारीक अपमान टिपणाऱ्या त्या जाडजूड पुस्तकात हा जेलर तरी हवा ना? नाहीये. लघवीचा उल्लेख आहे, तेवढं कबूल: रॉबेन बेटावरच्या तुरुंगात नेताना बोटीच्या तळाशी कोंडलेल्या कैद्यांवर वॉर्डर वरच्या झरोक्यातून मुतायचे. तोंडावर मुतल्याची हकीकत आहे ती जॉन्सन म्लाम्बो यांची. हे मंडेलांच्या पक्षाचेही नव्हेत, पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचे. त्याच बेटावर त्यांना गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं होतं. फॉरवर्डमध्ये त्या बिचाऱ्यांचं नावसुद्धा नाही.

मला खरा राग याचा आहे की या गोष्टीत वर्णभेद कुठेच दिसत नाही. एक दुष्ट जेलर होता, त्याला माफ केलं, संपलं. अहो, त्या तुरुंगात पावसुद्धा वंश बघून मिळायचा! मंडेलांचे सहकैदी अहमद कथराडा भारतीय वंशाचे, म्हणून त्यांना लांब पँट आणि पाव. मंडेला काळे, म्हणून हाफ पँट, आणि पाव नाहीच. हे कुणा जेलरच्या डोक्यातून आलेलं नव्हतं, सरकारी नियम होता.

अशा फॉरवर्डमधलं ‘27 वर्षं एकाच अंधारकोठडीत’ हेही खोटं. 1982 मध्ये त्यांना पोल्समूर तुरुंगात हलवलं, शेवटी तर व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंगाच्या आवारातल्या बंगल्यात ठेवलं होतं. ‘शस्त्राला कधी हात लावला नाही’? 1961 साली सशस्त्र दल उभारणाऱ्यांत ते स्वतः होते. 1985 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोथा म्हणाले, हिंसा सोडा, सोडून देतो. मंडेलांनी नकार दिला.

आणि क्षमा? वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या सत्य आयोगापुढे माफीसाठी 7,112 अर्ज आले, मिळाली 849 जणांना. आधी केलेलं सगळं कबूल करावं लागे.

जेवणाचीच गोष्ट हवी असेल तर खरी आहे की. मंडेलांना जन्मठेप झाली त्या रिव्होनिया खटल्यातले सरकारी वकील पर्सी युटार. 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी त्यांना जेवायला बोलावलं. युटार ज्यू होते, म्हणून ताटात कोशर जेवण होतं. भाचीला हेच पाठवलंय. परिपाठाच्या दोन मिनिटांत बसतं.