‘आजार जिभेचा, शेतीचा काय संबंध?’ या दाव्याचा प्रतिवाद

‘मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कॅन्सर हे जिभेवर ताबा नसलेल्यांचे आजार. शेतीने भरपूर पिकवावं, आजार ज्याचे त्याने टाळावेत.’ अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. तंबाखू सोडणं, रोज चालणं, वेळेवर तपासण्या करणं याला पर्याय नाही, एवढं त्यात बरोबर आहे. बाकीचे मुद्दे तपासल्यावर टिकत नाहीत, आणि त्यातला एक तर थेट जिवावर बेतणारा आहे.

‘काय खायचं हे आपल्याच हातात असतं.’

मॉरिशसमध्ये सरकारी पुरवठ्याचं स्वयंपाकाचं तेल मुख्यतः पाम तेल होतं. 1987 मध्ये त्याच्या जागी सोयाबीन तेल आणलं गेलं. पाम तेलात संपृक्त चरबी (रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारी) जवळपास निम्मी असते, सोयाबीन तेलात साधारण 15 टक्के. 1992 पर्यंत लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे 5.5 वरून 4.7 मिलिमोलवर आलं, आणि त्यातली सुमारे निम्मी घट आहारातल्या चरबीचा प्रकार बदलल्यामुळे झाली, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. याच पाच वर्षांत तिथे लठ्ठपणा वाढला होता. म्हणजे लोक अचानक संयमी झाले नव्हते, कढईतलं तेल बदललं होतं.

मिठाचंही तेच. औद्योगिक देशांत पोटात जाणाऱ्या मिठापैकी सुमारे तीन चतुर्थांश मीठ तयार पदार्थांतून येतं. ते पदार्थात आधीच मिसळलेलं असतं, मीठदाणी बाजूला ठेवून कमी होत नाही. ब्रिटनमध्ये कारखान्यांना पदार्थनिहाय मर्यादा ठरवून दिल्या गेल्या. पावातलं मीठ दहा वर्षांत थोडं थोडं करत 20 टक्क्यांनी उतरलं. हळूहळू का? एकदम कमी केलं तर गिऱ्हाईक दुसरा पाव घेतं, शिवाय पीठ चिकट होतं आणि यीस्ट गरजेपेक्षा भराभर फुगवतं. टप्प्याटप्प्याने गेलं की जीभ सरावते. 2003 ते 2011 या काळात तिथलं माणशी रोजचं मीठ 9.5 ग्रॅमवरून 8.1 ग्रॅमवर आलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 5 ग्रॅमची आहे, तेव्हा अजून बरंच बाकी आहे.

‘भरपूर पिकलं की पोषण आपोआप होतं.’

किती पिकलं यासोबत काय पिकलं आणि गिरणीत त्याचं काय झालं, हेही पाहावं लागतं. गव्हाच्या दाण्यात कोंडा सुमारे 14 टक्के आणि अंकुर 3 टक्क्यांच्या आत असतो. तंतूंचा (फायबरचा) मोठा वाटा याच भागात असतो. पण अंकुरातलं तेल खवट होतं आणि पीठ टिकत नाही, म्हणून पांढऱ्या पिठात दोन्ही काढून टाकतात. परिणामी 100 ग्रॅम पिठातले तंतू 11 ग्रॅमच्या आसपासवरून 3 ग्रॅमच्या खाली येतात. अख्ख्या धान्याचं पीठ लोकांपर्यंत पोचवायचं असेल तर कमी प्रमाणात, वारंवार दळण आणि छोटी साखळी लागते. नुसत्या उपदेशाने कोंडा परत येत नाही.

‘धुतलं, शिजवलं की धान्यातलं वाईट निघून जातं.’

हाच तो जिवावर बेतणारा मुद्दा. मका आणि भुईमुगावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. त्याने यकृताचा कॅन्सर होतो. ज्याला हिपॅटायटिस-बी आहे त्याच्या बाबतीत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. घरच्या शिजवण्याने हे विष नष्ट होत नाही. भाजल्याने थोडं कमी होतं, संपत नाही. म्हणजे त्याला अडवण्याची जागा शेत, खळं आणि कोठार हीच.

भुईमुगात दाणे भरण्याच्या शेवटच्या काही आठवड्यांत पाण्याचा ताण पडला की बुरशी शिरते, म्हणून हाताशी पाणी असेल तर एक पाळी त्या वेळेसाठी राखावी. काढणी लांबवू नये. उपटलेले वेल शेंगा वर येतील असे उलटे ठेवावेत. शेंगा मातीवर टेकल्या की पुन्हा ओल धरतात. दाण्यातला ओलावा 8 टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय पोती भरू नयेत. मक्यात ही मर्यादा साधारण 13 टक्के. हाताने फोडायला सोपं जावं म्हणून शेंगांवर पाणी शिंपडलं जातं, ते तर अजिबात नको, आधीची सगळी मेहनत त्यात वाया जाते. सुरकुतलेले, काळवंडलेले, फुटके दाणे वेगळे काढावेत, कारण विष बहुतेक याच थोड्या दाण्यांत साठलेलं असतं. मग हे काढलेले दाणे जातात कुठे? बरेचदा घाण्यावर किंवा गुरांपुढे. तेल निघाल्यावर विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, पेंड गाय खाते, आणि त्याचं बदललेलं रूप दुधात उतरतं. दूध उकळूनही ते जात नाही. म्हणून निवडलेला खराब माल खाद्याच्या साखळीबाहेरच गेला पाहिजे.

भाताची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. खाचरात पाणी साचून राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाला चिकटलेलं आर्सेनिक हे विषारी द्रव्य सुटतं आणि मुळांवाटे दाण्यात पोचतं. उपाय म्हणून शेतात छिद्रं पाडलेली नळी रोवतात आणि आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेलं की पुढचं पाणी देतात. पण जमिनीत अशी हवा खेळू दिली की कॅडमियम हा दुसरा विषारी धातू जास्त उचलला जातो. म्हणून आधी माती तपासायची, पाण्याची पद्धत नंतर ठरवायची. जपानमध्ये जिन्झू नदीत खाणीचं कॅडमियम असलेलं सांडपाणी मिसळलं, ते भातशेतीत गेलं, आणि लोकांची मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं मोडू लागली. सरकारने 1968 मध्ये हा प्रदूषणाचा आजार असल्याचं मान्य केलं. तो तांदूळ कितीही धुतला असता तरी उपयोग नव्हता.

‘शेतीत ढवळाढवळ केली की शेतकरी बुडतो, आणि फरक काही पडत नाही.’

फरक पडतो. पोलंडमध्ये 1990 च्या सुमारास लोणी आणि प्राणिज चरबीवरचं अनुदान गेलं, वनस्पती तेलाचा वापर वाढला, आणि हृदयविकाराचे मृत्यू काही वर्षांतच झपाट्याने घटले. इतक्या लवकर, की आधी बऱ्याच तज्ज्ञांना हे शक्य वाटलं नसतं.

शेतकरी बुडण्याची भीती मात्र खोटी नाही, तिला उत्तर द्यायलाच हवं. फिनलंडच्या उत्तर कारेलिया भागात 1972 पासून हृदयविकाराविरुद्ध कार्यक्रम चालला. तो भाग दुधा-लोण्याचा. लोणी कमी खा म्हणणं म्हणजे तिथल्या माणसाच्या पोटावर पाय देणं होतं. म्हणून 1980 च्या दशकात बेरी फळांच्या लागवडीचा वेगळा प्रकल्प जोडला गेला आणि शेतकऱ्यांना दुसरं उत्पन्न दिसू लागलं. पुढे काही दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त उतरले. अशा बदलात आधी गिऱ्हाईक आणि गोठवणीची सोय उभी करावी, रोपं नंतर वाटावीत. नाजूक फळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत विकलं किंवा गोठवलं नाही तर हातचं जातं, आणि एकदा असा फटका बसलेला शेतकरी पुढच्या हंगामात जुन्याच पिकाकडे वळतो.